शकूबरोबर चाललेल्या वाटा

शेतातले धानाचे भारे खळ्यावर यायला लागले होते. मी माहेरी, आसगावला भावाकडे गेले होते. सकाळी अंगणात चहा घेत असताना मोहाडीहून फोन आला. शकूच्या शेजारची सून बोलत होती, "बाई, लवकर या. शकुंतलाबाई दार उघडून नाही राहिल्या." मी पोचले तोवर लोकांनी मागच्या दाराची कडी काढली होती. शकू झोपेतच गेली होती. अंगावरची चादरसुद्धा विस्कटलेली नव्हती. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. एवढे दिवस तिच्याबद्दल लिहायला बसायचे आणि उठायचे... आज लिहून काढते.

शकू आंधळगावच्या विणकर घरातली. वडील हातमागावर कोशाचं रेशमी कापड विणायचे आणि ही सुताच्या कांड्या भरता भरता पाठांतर करायची. लग्न होऊन मोहाडीला आली, आमच्या शाळेत भूगोल शिकवायला लागली. मी मराठी शिकवायचे. आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, डबा एकत्र होता. मुलगी मेघा सहावीत असताना शकूचे यजमान गेले, पण तिने वर्गावरचा एकही तास चुकवला नाही. युरोपातल्या नद्या ती पुस्तक न उघडता फळ्यावर काढायची. स्वतः मात्र नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती.

आमच्या मैत्रीत एक गाठ होती आणि तिच्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी माय आसगावहून नव्या तांदळाची थैली घेऊन आली होती. माझी मैत्रीण म्हणून ती थैली तिने हौसेनं शकूकडे नेली. आमचं घर बौद्ध, हे शकूच्या सासूला ठाऊक होतं. तिने मायला ओसरीवरच बसवलं आणि वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा दिला. शकू दारात उभी होती. मायने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि परतताना मला एवढंच म्हणाली, "मैत्रीण चांगली आहे तुझी." त्यानंतर मी शकूच्या घरी कितीदा गेले असेन, पण ओसरीच्या पुढे पाऊल टाकलं नाही. सासू वारल्यावरही नाही. शकूही कधी आत ये म्हणाली नाही.

आम्ही निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी मेघाला मुलगा झाला. ती नवऱ्याबरोबर फ्रान्समधल्या एका लहानशा खेड्यात राहत होती. आईला बोलावणं आलं, पण शकू एकटी विमानात बसायला तयार नव्हती. विमल सोबत येत असेल तरच जाईन, असं तिने मेघाला कळवून टाकलं, मला न विचारता. दोन महिने आम्ही तिथे राहिलो. पिवळसर दगडांची घरं, कौलांवर शेवाळ, गावाबाहेर एक कालवा आणि त्याच्या काठाने झाडांच्या सावलीतला रस्ता. त्या रस्त्याने सत्तरीतली माणसं सायकलवरून जायची. पलीकडे टेकडीवर एका पडक्या किल्ल्याचा बुरूज दिसायचा. रविवारी गावातली म्हातारी मंडळी काठ्या घेऊन टेकडीकडे निघत. वाटेवर दगडांना, झाडांना पिवळ्या रंगाच्या पट्ट्या ओढलेल्या होत्या. त्या बघत चाललं की कुणाला काही विचारायची गरज पडत नाही.

शकूला त्या पिवळ्या पट्ट्यांचं वेड लागलं. बाळ झोपलं की ती मला उठवायची. एकदा कालव्याच्या काठी बसून म्हणाली, "आपण पोरायले सहल म्हणून बसमध्ये कोंबून नेलं, विमल. चालवलं कुठं?"

एका सकाळी आम्ही दोघीच किल्ल्याच्या वाटेला लागलो. अर्ध्यावर एक जुनं चर्च होतं, फार मोठं नव्हे, आपल्याकडच्या एखाद्या देवळाएवढं. दार अर्धवट उघडं होतं. शकू आत गेली आणि माझे पाय उंबऱ्याशी थांबले. मी शिकलेली, नोकरी केलेली, साठीला आलेली बाई. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, अडवणारं तर नव्हतंच. तरी थांबले. शकू मागे वळली. "काहून थांबली?" मी म्हटलं, "विचारल्याशिवाय कसं जायचं?" तेवढ्यात आतून एक म्हातारी फुलांची पितळी भांडी घेऊन बाहेर आली. तिने खांद्याने दार पूर्ण लोटलं, आम्हाला काहीतरी हसून सांगितलं आणि पाणी भरायला निघून गेली.

आत लाकडी बाकावर आम्ही बसलो. शकू समोर बघत म्हणाली, "तुह्या मायले त्या दिवशी ओसरीवर बसवलं. मी चूप राहिली. सासूचा धाक होता असं मी मनाले सांगत आली इतकी वर्षं. पण तसं नाही. तवा मलेच ते बरोबर वाटलं होतं, विमल. हे तुले सांगाचं होतं."

धाकाचं कारण तिने दिलं असतं तर मी लगेच मान हलवली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण तिने जे सांगितलं ते ऐकायला जड होतं. मला राग आला, तोही इतक्या वर्षांचा साचलेला. आणि त्याच वेळी वाटलं, खरं बोलायला ही बाई किती लांब आली... शेवटी मी म्हणाले, "माय अजून आहे. तिले सांग." मग आम्ही किल्ल्यापर्यंत चढलो. वर पडक्या भिंतीवर बसून मेघाने दिलेली पोळी आणि जवसाची चटणी खाल्ली. खालचं गाव, कालवा, कापणी झालेली शेतं सगळं दिसत होतं. शकूने चटणीची पुडी आधी माझ्याकडे सरकवली.

परतल्यावर आठवडाभरात ती आसगावला आली. मायने ऐंशी ओलांडली होती. ती खाटेवर चिंचा फोडत बसली होती. शकू तिच्या पायाशी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात बोलत राहिली. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू आलं नाही. मायचं उत्तर तेवढं ऐकलं, "बस आता. जेवून जा." शकूने स्वतः ताट घेतलं, मायच्या शेजारी बसून तळ्यातल्या मासोळ्यांची भाजी आणि भात जेवली. ताट धुवायला उठली तर मायने ते तिच्या हातातून काढून घेतलं. पाहुण्यांना आमच्या घरी ताट धुऊ देत नाहीत.

त्याच दुपारी आम्ही पवनीला गेलो. गावाभोवतीचा जुना परकोट, खंदक, जिथे स्तूपांचे अवशेष निघाले ती टेकडी. पवनी माझ्या माहेराला एवढी जवळ, आणि परकोटाच्या कडेकडेने मी त्या दिवशी पहिल्यांदा चालले. तिथूनच आमचे रविवार सुरू झाले. आधी दोघी, मग गावातल्या सावित्राबाई, मग आणखी चार जणी. अंबागडाला आम्ही किती वेळा गेलो त्याची गणती नाही. लोक हसायचे, घरचेही बोलायचे. शकूने गडाच्या पायथ्याच्या रानवाटेवर सुट्या दगडांना चुन्याच्या खुणा केल्या, पण गडाच्या भिंतीला हात लावू दिला नाही. नव्या बायांना ती बजावायची, खूण वाटेवर करायची, वास्तूवर नाही. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या बाईच्या मागे ती स्वतः चालायची. आणि हो, पवनीहून परतलो त्या संध्याकाळी तिने मला हात धरून थेट आपल्या स्वयंपाकघरात नेलं. पुढे मी तिथेच बसू लागले.

मेघा तिला कायमचं तिकडे बोलवत होती. शकू आणखी एकदा गेली आणि महिनाभरात परत आली. तिथे सगळ्या वाटा तयार आहेत, तिथे माझं काय काम, असं ती म्हणायची. मेघाला ते लागलं होतं. आईच्या जाण्यानंतर ती आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मावशी, मी तिले जबरदस्तीनं नेलं असतं तर?" मी तिच्याजवळ बसून राहिले.

तेरवीनंतरच्या रविवारी, उजाडता उजाडता, सावित्राबाई आणि बाकीच्या चौघी शकूच्या दारात उभ्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट. कुठे जायचं ठरलं नव्हतं, सवयीने आल्या आणि ओशाळल्या. मेघाने त्यांना आत बोलावलं. आतल्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा शाळेत नवा नकाशा आला आणि हा रद्दीत निघाला होता. शकूने तो उचलून आणला. नवी सीमारेषा तिने त्यावर कधी आखली नाही. ठिकठिकाणी पेन्सिलीचे बारीक गोल आहेत, जिथे जाऊन आलो ते भरलेले. मेघाने एका रिकाम्या गोलावर बोट ठेवलं. सावित्राबाईंनी सांगितलं, ते प्रतापगड. साताऱ्याकडचा नव्हे, आपला, अर्जुनी मोरगावकडचा. या थंडीत जायचं ठरलं होतं.

"लांब आहे का?" मेघाने विचारलं.

"गाडीनं जा लागते. मंग चढाचं."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मेघाला दम लागत होता, सावित्राबाई तिच्या मागे चालत होत्या. वर पोचल्यावर मेघा एका दगडावर बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. घरी आल्यावर तिने तो गोल स्वतः भरला.

नकाशा ती घेऊन जाईल असं मला वाटलं होतं. पण निघायच्या दिवशी तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि पेन्सिल घेऊन गोंदियाच्या अंगाला, नागरा गावच्या जुन्या देवळापाशी, एक नवा गोल काढला. म्हणाली, "पुढच्या दिवाळीत मी येते, मावशी. तोवर हा भरू नका."