चौथं दार

एर्सिलियाची जीभ तिखट, हे आमच्या जेनोवातल्या गल्लीत कुणीही सांगेल. एकतीस वर्षं ती रावेनोली महालाच्या दारावर आहे. जिन्यात कुणी सिगारेट विझवली, तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण वर राहणाऱ्या म्हाताऱ्या मार्केझा व्हियोलांतेचं नाव निघालं की आवाज लगेच मऊ व्हायचा.

महाल मूळचा तिच्याच उमराव घराण्याचा, पण तो केव्हाच विकला गेला. मार्केझाला हयातभरासाठी एक खोली तेवढी राहिली, आणि तिचं दार थेट मोठ्या दालनात उघडतं. दालन दोन्हीकडून सारखं दिसावं म्हणून भिंतीवर खोटी दारं रंगवायची आमच्याकडे जुनी रीत. तिथे तीन दारं नुसती रंगाची आणि चौथं, अगदी तसंच रंगवलेलं, मार्केझाचं खरं. वर्षातून दोनदा इथले जुने महाल लोकांना बघायला उघडतात. आपण एका खोलीत शेगडीवर सूप गरम करून दिवस काढतो, हे परक्यांना कळू नये एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून एर्सिलियाने बाहेरची मूठ काढून टाकली, पुढे दोर बांधला आणि दरवेळी ठणकावून सांगायला लागली की चारही दारं खोटी आहेत.

मी खाली कमानीत हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता भाजून विकते. त्या दिवसांत दुकान बहिणीच्या गळ्यात मारून मी एर्सिलियाच्या मदतीला जायचे. गेल्या ऑक्टोबरात दालनात चाळीसेक माणसं होती, एर्सिलिया छतावरचं चित्र समजावत होती, आणि चौथ्या दारावर टकटक झाली. तीनदा. खालून, पार जमिनीजवळून.

एर्सिलिया पांढरीफटक पडली. आणि मी मेली, तोंडाला कुलूप नसलेली, बोलून गेले, "चित्रातला नोकर आहे, जेवायची सुट्टी मागतोय."

सगळे खो खो हसले. एर्सिलियाही हसली, जरा जास्तच मोठ्याने. पुन्हा टकटक झाली नाही आणि आमचा जीव भांड्यात पडला. आत काही पडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. शेवटचा माणूस जिना उतरेपर्यंत अर्धा तास गेला.

दार उघडलं तर मार्केझा उंबऱ्याशी आडवी. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. जरा लवकर आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून एर्सिलिया कुणावर ओरडलेली नाही. तिन्ही वेळा वर जाऊन मार्केझाला भरवते. विनोद माझा होता, पाप माझं, असं मी तिला कितीदा तरी म्हटलं. ती म्हणते, दोर मी बांधला होता. या बाबतीत आमचं एकमत होत नाही.

एप्रिलमध्ये मार्केझाला थोडे शब्द परत आले. मीही त्या दिवशी वर होते. सूप भरवता भरवता एर्सिलियाने इतके महिने गिळलेलं विचारलंच.

"बाईसाहेब, परत का नाही वाजवलंत? आणखी एकदा वाजवलं असतंत, तर मी सगळ्यांदेखत दार उघडलं असतं हो."

मार्केझा बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"तू हसलीस... ते ऐकलं," ती म्हणाली. "चारचौघांत... खोटी पडली असतीस. म्हणून थांबले."

एर्सिलियाने तिची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला. माझ्याच्याने तिथे बसवलं नाही.