नासीर मिस्त्रींनी निवडलेली बंदूक

पिंप्राळ्यातली आताची पोरं नासीर मिस्त्रींना 'कुलूपवाले चाचा' म्हणतात. कपाटाची चावी हरवली, स्कूटरची डिकी अडकली, की त्यांच्याकडे धावतात. पण मिस्त्रींचा मूळ धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. वडिलांच्या हाताखाली शिकलेला आणि उभं आयुष्य रीतसर परवान्यावर केलेला. सावद्याच्या केळीच्या बागांपासून तिकडे धुळ्याच्या साक्री-शिरपूरपर्यंतच्या दुनळी बंदुका त्यांच्या दुकानात येऊन गेल्या. पुढे शिकारीवर बंदी आली. ती रास्तच होती, असं मिस्त्री म्हणत. मग रानडुकरं हाकायला ठेवलेल्या बंदुका तेवढ्या उरल्या, त्याही म्हातारे मालक गेले तशा एकेक करून सरकारजमा झाल्या. मिस्त्रींनी परवाना परत केला आणि त्याच टेबलावर कुलपं उघडत बसले. एवढ्या बंदुका हाताखालून गेल्या, पण त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कधी एकही नव्हती. लोकांच्या बंदुका बऱ्या करून परत द्यायच्या, एवढाच त्यांचा संबंध.

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या नातवाचा, झैदचा, कॅनडाहून फोन आला. झैद त्यांच्या लेकीचा, नाजमीनचा मुलगा. तिकडे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करतो.

"नाना, मला बंदूक घ्यायची आहे."

फोन स्पीकरवर होता; ते ऐकून त्यांची बायको साबेराबी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "काय झालं? कुणी त्रास देतंय का त्याला?"

"नाही हो नानी, मुर्गाबीसाठी, रानबदकांसाठी," झैद हसत म्हणाला. इथे सरकारच शिकारीचा परवाना देतं, कारखान्यातली सगळी मंडळी या दिवसांत पहाटे तळ्यावर जातात, गेल्या वर्षी आपण नुसते बघत बसलो होतो, या वर्षी शिक्षण घेऊन परीक्षाही पास झालोय, असं त्याने भरभर सांगून टाकलं. "पण दुकानात गेलो की डोकं चालत नाही. सगळ्यांच्या ऑटोमॅटिक आहेत. मला परवडणारी हवी. नाना, तुम्ही सांगा."

"कोंबडी विकत मिळते म्हणावं तिकडे," साबेराबी म्हणाल्या आणि आत गेल्या. लगेच परत येऊन त्यांनी विचारलं, "आणि हलालचं काय?"

"इथल्या मौलानांना विचारलंय, नानी."

"दुकानात गेलास की मला दाखव," मिस्त्री म्हणाले. मुर्गाबी हा शब्द त्यांच्या कानावर कित्येक वर्षांत पडला नव्हता.

त्या सकाळी ते दुकानात बसले खरे, पण मन गेलं होतं मुक्ताईनगरच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमावर. तेव्हा त्या गावाला एदलाबाद म्हणत, हतनूरचं धरण व्हायचं होतं आणि मिस्त्री विशीतले होते. सावद्याचे केळीचे व्यापारी छगनशेठ यांच्याकडे बेल्जियमची ऑटोमॅटिक होती, एका बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. सबंध मुलखात तशी दुसरी नसावी. मागच्या बाजूला कुबडासारखा चौकोनी उंचवटा असलेली, म्हणून सगळे तिला कुबडी म्हणत. ती अडायला लागली. एक बार झाला की रिकामं काडतूस बाहेरच पडेना. मोठ्या शहरातल्या दोन कारागिरांनी हात टेकले, तेव्हा शेठने ती नासीरच्या वडिलांकडे पाठवली आणि वडिलांनी ती मुलापुढे ठेवली. नासीरने ती तीनदा खोलली, तीनदा जोडली. शेवटी लक्षात आलं, की नळीखालच्या स्प्रिंगबरोबरची कडी कुणीतरी भारी काडतुसांसाठी लावून ठेवली होती आणि शेठ वापरत होते हलकी, त्यांचा झटका कमी पडत होता. कडी फिरवली आणि बंदूक पाण्यासारखी चालू लागली.

"चल, पाण्यावरच बघू," शेठ म्हणाले.

संगमावर त्यांचा वाटाड्या होता आधार. चांगदेवकडचा, नासीरच्याच वयाचा, पाण्यात उतरून पडलेले पक्षी काढून आणणारा. धुक्यात तिघं लव्हाळ्यामागे बसले. शेठने चार बार काढले, बंदूक एकदाही अडली नाही. मग त्यांनी ती पुन्हा भरून नासीरच्या हातात दिली. सुर्खाबांची, म्हणजे केशरी चक्रवाकांची, जोडी वरून आली. नासीरने पाचही बार काढले आणि दोन्ही सुर्खाब ओरडत पलीकडच्या काठाला निघून गेले. आधार पोट धरून हसला. "मिस्तरी, पाखरं तुले सलाम करू राह्यले!" शेठही हसले, आणि नासीरसुद्धा. त्या बंदुकीचा खांद्याला बसलेला तो गोड, लांबट धक्का मात्र तो विसरला नाही. अशी एक आपली असावी, असं त्याला वाटलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

दोन दिवसांनी पहाटे फजरची नमाज पढून मिस्त्री बसलेच होते, तोच झैदचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. झैद दुकानातच उभा होता. त्याच्या खिशाला झेपतील अशा तीन बंदुका दुकानदाराने टेबलावर मांडल्या होत्या. दोन तुर्कस्तानी, नव्या. तिसरी जुनी, कुणीतरी वापरलेली.

"नाना, ही बघा. हलकी आहे, काळी, झकास."

"चालते कशावर? धक्क्यावर का वायूवर?"

झैदने दुकानदाराला विचारलं. "ही धक्क्यावर. बार झाला की त्या झटक्यानेच पुढचं काडतूस भरते. ती दुसरी बारातला थोडा वायू मागे घेऊन त्याच्यावर भरते. जरा जड आहे."

"हलकी बंदूक घेऊन फिरायला बरी, पण तिचा मार सगळा खांद्यावर. तुझा तो पडून दुखावलेला खांदा कसा आहे?"

"थंडीत दुखतो," तो म्हणाला.

"बरं. आणि ती तिसरी?"

झैदने फोन फिरवला आणि मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. मागे चौकोनी उंचवटा, वर घासून गुळगुळीत झालेला अक्रोडाचा दस्ता. कुबडी! छगनशेठची नव्हे, पण तिचीच सख्खी बहीण.

"अरे, ही... हिला जवळ घे. कडेने दाखव. नळीचं तोंड दाखव." साबेराबी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी त्यांना संगमाची सगळी हकिकत सांगून टाकली, शेठ, आधार, ते ओरडत गेलेले सुर्खाब. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. फोनमधून झैदही ऐकत होता.

"नाना, मग हीच घेतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी. पुढच्या वर्षी तुम्ही इकडे या, आपण दोघं जाऊ."

मिस्त्रींच्या तोंडावर हो आलं होतं. पण इतक्या वर्षांचा कारागीर आतून बोलला. "दुकानदाराला विचार, मुर्गाबीला तिकडे छर्रे कसले लागतात?"

झैदने विचारून सांगितलं, "पोलादी. शिशाला बंदी आहे. तळ्यात पडलेलं शिसं पक्षी खडे समजून गिळतात आणि मरतात."

"असं?" मिस्त्री क्षणभर थांबले. संगमाच्या चिखलात आपण लोकांनी किती शिसं ओतलं असेल, हा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. "चांगला कायदा आहे. पण मग ही घेऊ नकोस, बेटा. ही नळी शिशाच्या जमान्यातली. पोलाद कडक, त्याने हिचं तोंड फुगेल. नळी बदलून घ्यायची तर तुझ्या खिशाबाहेर जाईल."

"पण नाना, तुम्हाला..."

"मला आवडते म्हणून तुझ्या गालाजवळ धोका ठेवू का? ती वायूवाली उचल. डोळे मिट. खांद्याला लाव. आता उघड. नळीच्या टोकाचा नेमाचा मणी दिसतो?"

"मधोमध."

"वाकून बघावं लागत नाही ना? मान ताणली जात नाही? जाड कोट घालूनही लावून बघ."

झैदने कोट चढवला. दस्ता कोटात अडकत होता. दुकानदाराने दस्त्यामागची जाड पट्टी काढून पातळ बसवली. मग बंदूक सरळ खांद्यावर आली.

"हीच घे," मिस्त्री म्हणाले. "जड आहे ती तुझ्या खांद्याला बरी. पण एक लक्षात ठेव, वायूवाली बंदूक आत काजळी धरते. प्रत्येक वेळी खोलून पुसावी लागेल. आळस केलास तर ऐन वेळी रुसून बसेल."

फोन बंद झाला. साबेराबींनी गार झालेला चहा आत नेऊन दुसरा आणला. "घ्यायची होती ना तुम्हाला ती जुनी?" त्यांनी विचारलं.

"फार," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या शनिवारी झैदला काहीच मिळालं नाही. त्याचे सगळे बार पक्ष्यांच्या मागे पडत होते. मिस्त्रींनी चांगदेवला जाऊन ते आधारला सांगितलं. आधार आता काठी टेकत चालतो, पण धरणाच्या पाण्यावर हिवाळी पक्षी उतरले की अजून ओट्यावरूनच ते मोजायला बसतो. "त्याले सांग, पाखराले नको पाहू, त्याच्या वाटंले पाहाय," तो म्हणाला. मिस्त्रींनी निरोप पोचवला. पुढच्या खेपेला झैदने हिरव्या मानेचं एक बदक आणलं, आणि मसाला कसा लावायचा ते साबेराबींनी त्याला दोनदा सांगितलं. कोंबडीबद्दल मात्र त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

आता दर रविवारी सकाळी झैद तिकडे कागद पसरून बंदूक खोलतो आणि फोन समोर उभा करतो. मिस्त्री इकडे चष्मा लावून बसतात. "ती नळीखालची कडी काढ. अंहं, उलटी धरलीस. तिथली काजळी कपड्याने नको, आधी ब्रशने." पहिल्या काही वेळा तास-तास लागायचा. आता झैदचा हात बसलाय, काम केव्हाच उरकतं. तरी तो फोन ठेवत नाही. पुसलेला भाग पुन्हा हातात घेतो आणि म्हणतो, "नाना, हा एकदा नीट बघा बरं." आणि मिस्त्री चष्मा वर सरकवून, नवाच पाहिल्यासारखा तो बघतात.