दोन पट्ट्या वर

माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, कारण मी अकरा वर्षांचा असताना बापानं तिच्यावर पेटीचं झाकण आपटलं. बाप गायनपार्टीत पेटी वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत पाचोडपासून सिल्लोडपर्यंत त्याला बोलावणी असायची, आणि गाणारा कितीही नावाजलेला असो, पेटीवर कोण आहे हे आधी विचारून घ्यायचा. मला त्यानंच शिकवलं. शिकवलं म्हणजे बडवलं. सूर चुकला की बोटांवर रूळ. त्या दिवशी मी एकच जागा तिसऱ्यांदा चुकलो, आणि रूळ हाताशी नव्हता. "आता ध्यानात राहील," एवढंच म्हणाला. हाडवैद्यानं बांधलेलं बोट वाकडंच जुळलं. आईनं शेजारीपाजारी सांगितलं, दारात सापडलं.

ध्यानात राहिलं, हे मात्र खरं. आज वीस वर्षं मी कीबोर्डवर पोट भरतोय. हळदी, लग्नं, वाढदिवस, जयंतीचे कार्यक्रम. आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांची एक खोड सांगतो. आम्ही सगळी गाणी एकाच पट्टीत शिकतो. गायिका म्हणाली, मला दोन पट्ट्या वर लागतं, की ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबायचं. बोटं जिथल्या तिथं राहतात, सूर आपोआप चढतो. बापाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो अंगणात जाऊन थुंकला. "बटणानं सूर चढवतो व्हय? उद्या पोरं बी बटणानंच काढशील," म्हणाला.

गेल्या वर्षी आमच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमर मला एका वेगळ्याच टोळीत घेऊन गेला. चार जण, पदरमोड करून वाजवणारे. त्यांचा गिटारवाला वाळूजच्या एका कंपनीत इंजिनियर. तो जॅझ आणि रॉक एकत्र कुटून बारा-बारा मिनिटांच्या रचना करायचा, त्यात शब्द एकही नाही. त्यांचा कीबोर्डवाला पुण्याला निघून गेला होता आणि पाच आठवड्यांवर एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम होता. मी हो म्हणालो. का, तर चाळिशी आली होती आणि मला आजवर लोकांनी फक्त जेवताना ऐकलं होतं. एकदा तरी कुणी हातातलं ताट खाली ठेवून ऐकावं, एवढी एकच हाव होती.

रचना ऐकली आणि घाम फुटला. डावा हात सात मात्रांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणार, उजवा सहा मात्रांचं. म्हणजे एका हातात रूपक, दुसऱ्यात दादरा. दोघं समेवर भेटणार बेचाळीस मात्रांनी, तोवर एकमेकांच्या उरावर बसलेले. वर डाव्या हाताची सातवी मात्रा नेमकी करंगळीवर. गिटारवाल्यानं नमुन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हा भाग कॉम्प्युटरकडून वाजवून घेतला होता. कॉम्प्युटरला बाप नसतो.

तालीम गिटारवाल्याच्या पार्किंगमध्ये, त्याच्याच कीबोर्डवर चालायची. मी प्रत्येक वेळी सातव्या मात्रेला कोलमडायचो. करंगळी उशिरा पोचायची आणि साताचे आठ व्हायचे. तिसऱ्या दिवशी ड्रमरनं काडी फेकून मारली, ती कानाला लागली. "अरे मियाँ, सात बोला तो सात! आठ कायकू कर रा? शादी में बजा रा क्या?" मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. दोघं झांजेवर पडलो, स्टँड मोडला, त्याचा ओठ फुटला. बाकीच्यांनी ओढून सोडवलं. मग सगळ्यांनी नाक्यावर जाऊन चहा घेतला आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू केलं. ड्रमरला फुटलेला ओठ कपाला लावता येत नव्हता, तरी चहा त्यानंच पाजला.

उरलेला रियाज घरी. आमच्या दोन खोल्या. कीबोर्ड बापाच्या खोलीत, कारण दुसरीकडं जागाच नाही. दोन वर्षांपूर्वी बापाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा उरला. त्या हातानं तो जेवतो, माश्या हाकलतो, आणि काही हवं असलं की स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकतो.

खरं सांगतो, मी हेडफोन लावू शकलो असतो. मुद्दाम लावला नाही. त्याच्या कानाशी आवाज वाढवून मी त्यानंच मोडलेल्या बोटानं वाजवायचो. करंगळीखालची पट्टी अशी चेचायचो की कीबोर्डचं स्टँड हलायचं. तीस वर्षं मनात साठलेल्या शिव्या मी सातात आणि सहात मोजून त्याला देत होतो. तो छताकडं बघत पडून असायचा. मला फार बरं वाटायचं, हे कबूल करतो.

मधेच गंगापूरला एक लग्न वाजवून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी रियाजाला बसलो. माझी रीत ठरलेली. मोबाईलवर रेकॉर्डिंगचा एक तुकडा ऐकायचा, बंद करायचा, मग तो हातावर बसवायचा. सोबत वाजवण्याइतका वेग अजून आला नव्हता. तुकडा ऐकला, पहिला सूर लावला, आणि ठण्. बापानं पेला दांडीवर हाणला.

पाणी दिलं. पाणी नको होतं. पुन्हा तुकडा ऐकला, पुन्हा पहिला सूर. ठण्.

मग रोजच सुरू झालं. रेकॉर्डिंग चालू असताना गप्प, मी सुरू केलं की ठोकायचा, तोंडातून लाळ गाळत, डोळे माझ्यावर रोखून. वाचा गेली तरी याची खोड जाईना. मला सुरूसुद्धा करू देत नव्हता. पेला काढून घेतला तर मुठीनं ठोकायचा, म्हणून बायकोनं परत दिला. "त्यांना काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "त्यांना आयुष्यभर एकच सांगायचं होतं," मी म्हणालो.

एवढं होऊनही, किंवा त्या रागामुळंच, हात बसत गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बेचाळीस मात्रा पहिल्यांदा न अडखळता पार पडल्या. करंगळी बरोबर सातव्यावर. मी ओरडलोच. पुन्हा एकदा म्हणून रेकॉर्डिंगचा तुकडा लावला, बंद केला, पहिला सूर लावला.

ठण्. ठण्. ठण्.

मी उठलो, त्याच्या हातातला पेला हिसकला आणि त्याच पेल्यानं त्याच्या बोटांवर मारलं. एकदा नाही. चार वेळा, दांडीवर ठेवून. "आता ध्यानात राहील!" असं कुणीतरी ओरडलं, आणि तो आवाज माझा होता. बाप ओरडला नाही, त्याला ओरडता येत नाही. त्याचा जबडा नुसता हलत राहिला.

बायको धावत आली. तिनं आधी त्याचा हात बघितला, मग माझा. आंबेहळद उगाळून लावताना ती एकच वाक्य बोलली. "तेवढा एकच हात होता त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला चमच्यानं भरवलं. मी बघितलं नाही. कीबोर्ड गुंडाळून मैदानावर गेलो, कारण गिटारवाल्याच्या कीबोर्डपेक्षा माझ्या कीबोर्डचा आवाज मोठ्या स्पीकरवर बरा लागतो असं ठरलं होतं. आमच्या आधीच्या मंडळींनी वेळ खाल्ला. साउंडवाल्यानं प्रत्येकाला एकेकटं दोन-दोन सूर वाजवायला लावून आवाज लावला आणि आम्हाला वर ढकललं. समोर तीन-चारशे पोरं. कुणाच्या हातात ताट नव्हतं.

सुरुवात माझी एकट्याची, बेचाळीस मात्रा. एकही चुकली नाही. ड्रमर दात दाखवून हसला. समेवर गिटार आणि बेस आत आले, आणि कानात कुणी खिळा ठोकावा तसं झालं. सगळं एकमेकांवर आदळत होतं. गिटारवाला पांढराफटक पडून माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, तोच चुकला. मग माझी नजर कीबोर्डच्या छोट्या काचेवर गेली. ट्रान्सपोज, अधिक दोन.

गंगापूरच्या गायिकेला दोन पट्ट्या वर लागायचं. त्या दिवसापासून ते तसंच होतं, माझा कीबोर्ड बंद केला तरी तो आकडा पुसत नाही. माझ्यासारख्याला त्याचं काहीच वाटत नाही, सगळे सूर मिळून वर सरकले की गाणं तेच राहतं. रेकॉर्डिंग बंद करून त्याच सुरात हात टाकायचा म्हटलं तर मात्र फरक पहिल्याच सुराला कळायला हवा. पेटीवाल्याला कळतो. बापानं मधे एकदाही ठोकलं नव्हतं. सातव्या मात्रेला मी शंभर वेळा पडलो तेव्हाही नाही. ठोकलं ते फक्त पहिल्या सुराला.

मी बटण दाबून शून्यावर आणलं आणि पुढच्या समेला शिरलो. ड्रमरनं सात सोडले नाहीत, मीही नाही. बारा मिनिटं झाली. पोरं उभी राहून ओरडली, शिट्ट्या वाजल्या. सुरुवातीचा तो कचरा त्यांना रचनेचाच भाग वाटला. एक जण तर खाली उतरल्यावर म्हणाला, "सर, ते सुरुवातीचं भांडण लई भारी होतं." वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं आणि मला ते तोंडात धरवत नव्हतं.

सकाळी चहा घेऊन मी बापाच्या खोलीत गेलो. दारात माझी चाहूल लागताच त्यानं सुजलेला हात चादरीखाली ओढून घेतला. लहानपणी तो बाहेरून आला की मी माझे हात असेच मांडीखाली घ्यायचो. "बाबा, तुमचंच खरं होतं," मी म्हणालो. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

मी कीबोर्ड लावला, ट्रान्सपोज मुद्दाम दोन पट्ट्या वर केला, आणि पेला उचलून त्याच्या हाताशी चादरीवर ठेवला. मोबाईलवर तुकडा वाजवला, बंद केला आणि चुकीचा पहिला सूर लावला. त्याच्या पापण्या आवळल्या गेल्या. त्याला कळलं होतं. मी पुन्हा तोच सूर लावला, मग पुन्हा एकदा, आणि ठोका बाबा, ठोका, असं म्हणत राहिलो. चादरीखालचा हात बाहेर आला नाही.