काळी लोकर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दत्ताजवळही नाही — आणि माझ्या पोटात गोष्ट राहिली म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. अर्ध्या सोलापूरच्या मोबाईलमध्ये माझा आवाज पडून आहे. कुठला रस्सा पातळ, कुठली भाकरी शिळी, विचारायचा अवकाश, मी बोललोच. हे एवढं मात्र गिळून बसलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही बसा, मला काही बसवत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. टॉवेल-चादरींचा दलाल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला माल तालुक्याच्या दुकानांना दाखवायचा, ऑर्डर घ्यायची, आणि दुपारी तिथंच कुठंतरी जेवायचं. जेवणापायीच मी हा धंदा धरला असं बायको म्हणते. खोटं नाही ते. आमचा मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'रस्सा मंडळ'. टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून मी बोलूनच पाठवायचो — मटणाचं बिनमसाल्याचं अळणी पाणी झकास, सुक्क्यात खोबरं फार, भाकरी मोडताना आवाज यायला पाहिजे तो आला नाही. लोक ऐकायचे, पुढं पाठवायचे. लग्नाला मटण कुणाकडून घ्यावं म्हणून न ओळखणारी माणसं फोन करायची. दारात उभं राहून मी सांगायचो, आत शिजतंय ते कोवळं आहे की जून. 'अण्णाचं नाक' म्हणायचे सगळे. हे खरं होतं बरं का. तेव्हा खरं होतं.

मग ती साथ आली. मलाही ताप आला, आठवडाभर पडून होतो. ताप गेला, खोकला गेला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सगळ्यांचा आला. माझा आला नाही. आजही नाही.

तिखट कळतं. मीठ कळतं. आंबट, गोड, कडू — कळतं. बाकी सगळं तोंडात नुसतं मऊ नाहीतर चिवट. गॅसवर दूध करपतं आणि मी शेजारी पेपर वाचत असतो. "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" म्हणून बायको ओरडते, आणि मी लक्ष नव्हतं असंच तिला वाटू देतो. का? सर्दी-पडशाची कुणाला लाज वाटते का? मला वाटली. नाक गेलं तर अण्णाचं उरतं काय? एक टॉवेलवाला. सोलापुरात टॉवेलवाले थोडे आहेत का!

म्हणून ढोंग सुरू केलं. आणि जमलं की हो! तर्रीचा रंग बघायचा, हाडापासून मांस कसं सुटतं ते बघायचं, शेजारचा पहिला घास घेताना डोळे मिटतो का ते बघायचं — आणि मग आपण बोलायचं. एकदा दत्तानं वाईनची बाटली आणली. दत्ता म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. त्याला कुणा द्राक्षबागवाल्या पाहुण्यानं ती भेट दिलेली. आम्हाला कुठं वाईनमधलं कळतंय! पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाईलवर बघितलं होतं तसा ग्लास फिरवला, नाक आत घातलं. काही नाही. नळाचं पाणी असतं तरी तेवढंच. मी म्हणालो, "मागनं जरा धुराचा वास हाय." सगळ्यांनी नाकं घातली. "व्हय की!" म्हणाले. एकजण तर म्हणाला, धूर न्हाय, जळकं लाकूड हाय. घरी येईपर्यंत मी हसत होतो. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि ती कळायला नको होती — मी जो म्हणेन तो वास लोकांना यायला लागतो.

बघा, मी अजून वाईनवरच आहे. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझी जीभ दुसरीकडेच पळते.

शेवंताअक्का. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला तिची खानावळ. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, आणि बाहेर पाटी — 'फक्त बोलाईचं मटण'. तुमच्याकडे नसेल ही चाल, म्हणून सांगतो. ज्यांच्या घरात बोलाईदेवीचं आहे ती माणसं बोकडाला शिवत नाहीत, मेंढीचंच मटण खातात. कितीही भूक लागो, बोकड नाही म्हणजे नाही. अशांना बाहेर जेवायचं म्हणजे पंचाईत, कारण ताटात काय पडलंय ते कुणाच्या शब्दावर मानायचं? अक्काच्या शब्दावर मानायचे. अक्का स्वतः बोलाईची. तिचा भाऊ सांगोल्याकडे मेंढरं राखतो, तो मेंढरू घेऊन यायचा, मागच्या अंगणात कापायचा. रविवारी तिथं लांबलांबून कुटुंबं यायची. तिच्याकडे दुसरं भांडवल काय होतं? तो शब्द, आणि हात.

हाताचं सांगतो. मेंढीच्या मटणाला जरा उग्र वास असतो. अक्का ते धुऊन, आलं-लसूण चोळून असं काही मुरवायची की तो वास मरायचा. नाक होतं तेव्हा मीच ग्रुपवर तोंड भरून सांगितलं होतं — बोलाईचं खायचं तर शेवंताअक्काकडं, मेंढी कुठं शिजली ते कळत नाही. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं. विसरलो म्हणायची सोय नाही मला.

दत्ताच्या मुलीचं लग्न बार्शीला ठरलं. व्याही आडतीचे व्यापारी, घरात बोलाई. ते बोलणी पक्की करायला आले, तेव्हा दत्तानं त्यांना जेवायला अक्काकडे न्यायचं ठरवलं. मलाही बोलावलं. मिरवायला — दुसरं काय? "आमचे अण्णा. ह्यांच्या नाकाला सगळं सोलापूर मानतं," अशी ओळख करून दिली त्यानं. मी फुगलो. फुगलोच होतो, लपवून काय करू?

पानं वाढली. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अण्णा, हे बोलाईचंच हाय न्हवं? वास काय येईना मला."

वास कसा येईल? तीच तर अक्काची करामत. हे सांगितलं असतं की संपलं होतं. किंवा, मला वास येत नाही हो, साथीपासून नाक गेलंय — हे तरी. सगळे हसले असते, दत्तानं पाठीत धपाटा घातला असता, आणि आम्ही जेवलो असतो. मी ताटावर वाकलो. वाफ नाकाला लागली, गरम होती एवढं कळलं. डोळे मिटले — सवयच लागली होती डोळे मिटायची. आणि म्हणालो, "बोकड हाय."

का बोकड? मेंढी का नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय. खरं उत्तर लई हलकं आहे. 'होय, बोलाईचंच' म्हणालो असतो तर सगळे जेवायला लागले असते, माझ्याकडे कुणी बघितलं नसतं. चूक काढली की माणूस मोठा दिसतो. मला त्या व्याह्यांसमोर मोठं दिसायचं होतं.

व्याही ताटावरून उठले. "मला वाटलंच," म्हणाले. मघाशी त्यांना नुसती शंका होती, आता त्यांनाही बोकड लागलं. बाहेर जाऊन घशात बोटं घालून ओकले बिचारे. दत्ता पांढराफटक पडला. पलीकडच्या बाकावर एक कुटुंब जेवत होतं, त्या बाईनं पोरांच्या हातातले घास खाली ठेवायला लावले.

अक्का आतून आली. ओरडली नाही. "अण्णा, आई बोलाईची आण घेऊन सांगते, मेंढरू हाय. माज्याच भावाचं," म्हणाली. पलीकडचं कुटुंब पोरांना घेऊन निघून गेलं. मग ती मागं गेली आणि कातडं घेऊन आली. सकाळीच काढलेलं, मीठ लावलेलं, दोन्ही हातांवर धरलेलं. "बगा की. हात लावून बगा."

मी बघितलं. इथंच मला यायचं होतं, आणि इथं यायलाच मी टाळत होतो. बोकड म्हणालो ते ढोंग होतं, फुशारकी होती, चूक म्हणा हवं तर. पण कातडं मी बघितलं. काळी लोकर होती त्याच्यावर, दाट, कुरळी. बोकडाला लोकर असते का? माझं नाक मेलं होतं, डोळे चांगले होते. त्या क्षणी मला शंभर टक्के कळलं होतं. दत्ता अजून बाहेर व्याह्यांच्या हातावर पाणी घालत होता, त्यांनी कुणी ती लोकर बघितलेली नव्हती. मी 'चुकलो' म्हणून हाक मारली असती तर दोघं आत आले असते.

मी म्हणालो, "कातडं काय अक्का, कुणाचंबी आणून ठेवता येतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ऐकायला काही चुकलं का, अशी. मग कातडं तसंच हातावर घेऊन आत गेली. आम्ही निघालो तेव्हा पैसे घ्यायलासुद्धा बाहेर आली नाही.

एवढ्यावर तरी थांबावं ना माणसानं? नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या जिवाला चैन पडेना. व्याही परत तिथं गेले तर? दत्तानं चौकशी केली तर? म्हणून मीच आधी बोलून टाकलं, ग्रुपवर. "बोलाईवाल्यांनो, शेवंताअक्काकडं जाताना इचार करा. आज माझ्या नाकानं पकडलं. देवीच्या नावावर बोकड खपवत्यात." वर हसलोही मी. ते हसू त्यात आहे. चार-पाच दिवसांनी सांगोल्याचा एक दुकानदार मला म्हणाला, अण्णा, हे ऐकलंय का, आणि त्यानं फोन माझ्या कानाला लावला. माझाच आवाज. कुठून कुठून फिरून आलेला, कुणी पाठवला त्याला ठाऊक नाही. मी म्हणालो, हो, ऐकलंय. अक्काच्या भावाची मेंढरं त्याच भागात चरतात. त्याच्यापर्यंत तो आवाज गेला असेल की नाही? गेला असणारच.

रविवारची कुटुंबं बंद झाली. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं, माल आणायला लांबच्या फाटकानं जायला लागलो. दत्तानं एकदा विचारलं, "अण्णा, नक्की बोकडच होतं ना रे?" मी उखडलो त्याच्यावर. माझ्यावर विश्वास नाही का, म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लग्न झालं, पोरीचं चांगलं चाललंय, व्याही अजून मला मान देतात. भेटले की सगळ्यांना तो किस्सा सांगतात — आमचा धर्म अण्णांच्या नाकानं वाचवला म्हणून. आणि मी मान हलवतो.

गेल्या महिन्यात गेलो. सांगायचंच म्हणून गेलो, खरंच. दुपारची गर्दी ओसरल्यावर. पाटी बदललेली होती. 'बोलाईचं' गेलं होतं, 'मटण खानावळ' एवढंच होतं. यंत्रमागावरची दोन-तीन माणसं जेवत होती. मी कोपऱ्यात बसलो. अक्कानं मला ओळखलं. ओळखूनही ताट आणलं, भाकरी, अळणी, रस्सा, नेहमीसारखं. ठेवताना म्हणाली, "हे बोकडाचं हाय, अण्णा. आता बोकडाचंच करते मी. बोलाईचं म्हणून कोण खातंय माज्या हातचं?"

मी बोलायला तोंड उघडलं. ती तिथंच उभी होती, पदराला हात पुसत. मग जरा ओशाळल्यासारखी होऊन म्हणाली, "आमाला चालत न्हाय न्हवं, त्यामुळं मी चाकत न्हाय. अंदाजानं घालते सगळं. मीठ तेवढं बगून सांगा."

बोलाईची बाई, बोकड शिजवते. जिभेवर ठेवत नाही. आणि मीठ कुणाला विचारते — मला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ठाऊक नाही. मी सांगितलंच नाही. रश्श्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ बराबर हाय," म्हणालो.

तेवढं खरं होतं. तेवढंच बोललो, जेवलो, आणि निघून आलो.