न दिलेली चीर

हाडांच्या विभागात तेवीस वर्षं प्लास्टर घालणाऱ्या त्या माणसाला सगळे प्लास्टरवालाच म्हणत. हाड डॉक्टर बसवतात, पण जागेवर ठेवतो मी, असं तो ऐटीत सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. हाड ताजं मोडलेलं असलं की प्लास्टर घातल्या घातल्या तो त्याला लांब चीर द्यायचा. सूज चढली तर हाताला जागा हवी ना!

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीचा हात मोडला. शिवणकामावर जगणारी बाई ती. मोठे डॉक्टर म्हणाले, चीर नको, हाड सरकेल. संध्याकाळी तिची बोटं निळी पडली. ती कळवळत होती, हा बाजूला प्लास्टर कापायचा कटर घेऊन उभा. डॉक्टरांनी दरडावलं, "दुखणारच. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही." सकाळी प्लास्टर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं, बोटं कायमची आकसली. आणि ह्या गृहस्थांनी खापर कुणावर फोडावं? तुमच्याच माणसाने आवळून बांधलं, असं घरच्यांना बिनदिक्कत सांगितलं! त्या दिवसापासून बहिणीने भावाचं तोंड पाहिलं नाही. त्याने नोकरी सोडली नाही, भांडला नाही. डूख धरून राहिला.

आणि एका सकाळी मोठे डॉक्टर इस्पितळाच्याच जिन्यावर घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर ह्याच्याच हातून हवं म्हणून हटून बसले. भरवसा बघा! त्याने घातलंही झकास. चीर तेवढी दिली नाही. इंजेक्शनच्या गुंगीत डॉक्टरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

दुपार कलताना त्यांनी घंटी दाबली. बोटं टम्म फुगली होती, मुंग्या येत होत्या. प्लास्टरवाला कटर घेऊन आला, दार लावलं आणि स्टुलावर आरामात बसला.

"दुखणारच, साहेब."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. किती तासांत काय होतं, ते त्यांना पाठ होतं. तेवीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस अहो-जाहोवर आला.

"कापा हो. लवकर कापा."

"आधी बहिणीला खरं सांगा."

ह्याचा फोन ती घेत नसे, म्हणून त्याने डॉक्टरांच्याच फोनवरून लावला आणि आवाज मोठा केला. डॉक्टरांनी सगळं कबूल केलं: चीर मीच नको म्हटलं, तुमचा भाऊ कापायला मागत होता, मीच अडवलं, वर त्याचंच नाव पुढे केलं. एकेक शब्द प्लास्टरवाल्याने चवीने ऐकला. अकरा वर्षांचं उट्टं निघालं. आता ती रडेल, पुन्हा भाऊ म्हणेल, म्हणून तो फोनकडे झुकला, "ताई, ऐकलंस ना?"

 तिने विचारलं,

"कटर कुणाच्या हातात होता रे?"

फोन बंद झाला. डॉक्टर गयावया करत होते. त्याने कटर सुरू केला. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच चीर वाकडी गेली.