खुर्ची ढकलत वेदीपाशी

छातीत डाव्या बाजूला गाठ आहे हे मला कळलं होतं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन करा, उशीर नको, असं श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. मी हो म्हणाले आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. मी दवाखान्यात पडले तर सासूबाईंना आंघोळ कोण घालणार? अर्धांगवायूनंतर त्या चाकाच्या खुर्चीत आहेत, आणि त्यांची सकाळची गोळी कुठली हेही माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. तेव्हा बघू पुढं, म्हणून मी विषय मिटवला. देवाशीही त्यावर बोलले नाही.

अशात बेलापूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळासमोर संजीवन सभेचा मांडव पडला. या सभांचा शेवट मला सहन होत नाही. संदेश संपतो, पेटीचा सूर हळू होतो आणि उपदेशक म्हणतात, ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे त्यांनी वेदीपाशी यावं. मग दरवर्षी तीच माणसं उठतात. गेल्या वर्षी दिलेलं जीवन मधे परत कधी घेतलं, हे त्यांना कुणी विचारत नाही. मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तारण बसल्या जागीही मिळतं. पण माणसाला कधीतरी पायांनीही हो म्हणावं लागतं." उत्तर बरं होतं. माझी चिडचिड काही गेली नाही.

त्या माणसांत पहिला नंबर सासूबाईंचा. आता उठता येत नाही, म्हणून मला कोपर मारतात. त्या संध्याकाळीही मारलं.

"चल."

"आत्या, गेल्या वर्षी गेलो होतो की."

"गेल्या वर्षी जेवलीस म्हणून औंदा उपाशी राहतीस का?"

निघाले. निम्म्या वाटेत खुर्चीचं चाक सतरंजीत अडकलं. मंडळी डोळे मिटून गात होती, आणि मी सगळ्यांच्या मधोमध दात-ओठ खात उभी. तेवढ्यात एक अनोळखी बाई उठली. जामखेडकडची, ऊसतोडीला आलेली. तिनं खुर्ची पुढून उचलली आणि आम्ही वेदीपाशी पोचलो.

पुढं आलेल्याच्या डोक्यावर हात ठेवून कुणीतरी प्रार्थना करतं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या बाईनं हात ठेवला तो माझ्या डोक्यावर.

"अहो, मी नाही, या आल्यात. मी नुसती खुर्ची ढकलतेय."

"ढकलत का हुईना, आलात न्हवं? आता गप ऱ्हावा जरा."

मला गप राहा असं कुणी म्हणत नाही. मी गुडघ्यांवर बसले. "देवा, हिचं वझं घे," एवढंच मला नीट ऐकू आलं. तिचा हात जड होता आणि ती तो काढेना. मी रडले नाही. पण गाठ हा शब्द मी देवासमोर पहिल्यांदा मनात उच्चारला आणि म्हणाले, हे माझ्यानं होत नाही, तू बघ.

परत येताना सासूबाईंनी विचारलं, "झालं?"

"काय झालं?"

"माझं कवाच देऊन झालंय. तुला आणायचं हुतं. डावा हात वर करताना तोंड वाकडं करतीस, मी काय आंधळी हाय का?"

घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. ऑपरेशन झालं. गाठ साधी नव्हती. उपचार लांबले, केस गेले, पण मी आहे. त्या दिवसांत नवऱ्यानं आईला आंघोळ घातली, पोलकं उलटं घातलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्या बाईला मी शोधलं, पण तिची टोळी पुढच्या गावी गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

मी माझं जीवन प्रभूला दिलं, असं मोठ्या तोंडानं मला म्हणता येणार नाही. ते माझ्या मुठीतून सोडवून घ्यावं लागलं. ढकलत आलेलीलाही त्यानं आलेलीच धरलं, याबद्दल मात्र रोज त्याचे आभार मानते.

यंदाच्या सभेत पेटीचा सूर हळू झाला आणि कोपर बसलं.

"कमाल आहे तुमची, आत्या," म्हणाले, आणि खुर्चीचा ब्रेक काढला.