थडग्याचे कुंकू

जानेवारीचा कोरडा, गार वारा गालाला लागला की मला आखातातले सुबियाचे वाळवंट आठवते. त्या वर्षी मी नुकतीच विधवा झाले होते. आम्ही राहत होतो त्या सालमियातल्या शेजारणीच्या हळदीकुंकवात तिची बोटे मला ओलांडून पुढच्या कपाळाकडे गेली. ‘‘तुम्ही तिळगूळ तेवढा घ्या हं,’’ ती सर्वांदेखत म्हणाली. त्याच आठवड्यात आम्ही साऱ्याजणी वाळवंटातले प्राचीन दगडांचे वर्तुळ पाहायला गेलो. दगड उन्हाने कोमट झाले होते आणि वाऱ्याला खाडीचा खारट वास होता. ही हजारो वर्षांपूर्वीची थडगी आहेत, हे मी वाचून आले होते. शेजारीण मात्र हरखली. ‘‘अगंबाई, हे तर देवीचं ठाणं!’’ म्हणत तिने पर्समधली कुयरी काढली, उभ्या दगडाला हळदकुंकू वाहिले आणि अखंड सौभाग्य मागत पाच प्रदक्षिणा घातल्या. मी तिला थांबवले नाही. पाचवी पुरी होऊ दिली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, ‘‘वहिनी, हे थडगं आहे. मेलेल्याला चालतं वाटतं तुमचं कुंकू?’’ ती वाकून वाळूने बोटे घासत राहिली. पुढे मी पुष्कळांना क्षमा केली. ते वाळूचे खरखरणे मात्र आजही मला गोड लागते.